मूकपटाच्या लेखकाला काम काय होतं?

पटकथेच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्यानं लिहून पाठवलेला प्रश्न असा: ‘मूकपटात संवादच नव्हते, तर लेखकाला काम काय होतं? आणि बोलपट आल्यावर बऱ्याच नटनट्यांची सद्दी संपली, तशी लेखकांचीही संपली का?’ वर्गात पाच मिनिटांत उत्तर देऊन मोकळी झाले असते, पण प्रश्न चांगला आहे, म्हणून बसून लिहिते.

लेखक म्हणजे संवाद लिहिणारा हा समज काही एकट्या तुमचा नाही. मी सव्वीस वर्षं मालिका आणि चित्रपट लिहिते आहे. आजही एखाद्या लग्नात कुणी ओळख करून दिली की समोरचा विचारतो, ‘म्हणजे डायलॉग लिहिता ना?’ मी ‘हो’ म्हणते आणि पुढे सरकते. हातात ताट घेऊन कोण समजावत बसणार? खरं तर संवाद हे आमचं शेवटचं काम, आणि बऱ्याचदा सर्वांत सोपं. त्याआधी ठरवायचं असतं ते हे की प्रेक्षकाला कोणती गोष्ट कधी कळणार, कोणत्या पात्राच्या आधी कळणार, आणि कशावरून कळणार.

वर्गात मी एक सीन लिहायला देते, तो आठवा. मुलाची नोकरी गेली आहे, घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, कुठेतरी दिवस काढतो, संध्याकाळी घरी. आईला कळतं. कसं? बहुतेकांच्या सीनमध्ये शेजारच्या काकू येऊन सांगतात, नाहीतर ऑफिसातून फोन येतो. तीन वर्षांपूर्वी एका मुलीनं लिहिलं: संध्याकाळी आई डबा घासायला घेते, उघडते, तर डबा घासलेला. जन्मात कधी त्यानं डबा विसळलासुद्धा नव्हता. आई झाकण परत लावते. सीन संपला. आता सांगा, इथे लेखकाला काम होतं की नव्हतं?

मूकपटाचा लेखक दिवसभर हेच करायचा.

अगदी सुरुवातीला अर्थात लिहिणं वगैरे फारसं नव्हतं. कॅमेरा, दोन नट आणि एक कल्पना घेऊन मंडळी बाहेर पडायची. अमेरिकेत कॅलेम या चित्रपट कंपनीनं १९०७ साली ‘बेन हर’ ही धो धो खपलेली कादंबरी एका रिळात कोंबली. ती लिहून काढली जीन गॉन्टियरनं. हीच बाई कंपनीची नटीही होती. कादंबरीचे हक्क मागायचे असतात हे कुणाच्या मनातही आलं नाही. प्रकाशक कोर्टात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, १९११ मध्ये कंपनी हरली आणि तिला २५,००० डॉलर मोजावे लागले. फुकट उचलायची सोय गेली, तशी कथेला बाजारात किंमत आली. अनिता लूस सॅन दिएगोहून टपालानं कथा पाठवायची. पडद्यावर आलेल्या तिच्या पहिल्या कथेचे, १९१२ च्या ‘द न्यूयॉर्क हॅट’चे, तिला २५ डॉलर मिळाले. चित्रपट डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या दिग्दर्शकानं केला, नायिका मेरी पिकफर्ड.

कागदाची दुसरी गरज पैशांतून आली. एक रीळ हजार फुटांचं, फुटाला १६ चौकटी, म्हणजे रिळाला १६,०००. सेकंदाला सोळाच्या आसपास गती धरली तर सोळा-सतरा मिनिटांचा मजकूर. चित्र एका रिळावरून पाच-सहा रिळांवर गेलं तेव्हा दिवाणखान्यातले सगळे सीन एका दमात घेऊन सेट मोडायचा, मग रस्त्यावरचे घ्यायचे, ही तजवीज आधी कागदावर करणं भाग पडलं. टॉमस इन्स या निर्मात्याच्या स्टुडिओत ही पद्धत पक्की झाली. त्या कागदाला ‘कंटिन्युइटी’ म्हणत: सीनचा नंबर, जागा, कोण कोण हजर, कॅमेरा लांब की जवळ, काय घडतं, आणि अगदीच नडलं तर पाटी. पाटी म्हणजे पडद्यावर येणारा छापील मजकूर. आज प्रॉडक्शनवाल्यांच्या हातात जो सीन ब्रेकडाउन असतो, त्याचा हा पणजोबा.

आता एका लेखकाची सबंध कारकीर्द पाहू, म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे जाता येईल. मी फ्रान्सिस मॅरियनची निवडते. तिच्याइतकी दोन्ही काळांत ठाण मांडून बसलेली दुसरी लेखिका मला माहीत नाही, आणि तिच्या गोष्टीत आमच्या धंद्याचे सगळे गुणदोष एका जागी सापडतात.

जन्म १८८८, सॅन फ्रान्सिस्को. मूळ नाव मॅरियन बेन्सन ओवेन्स. शिकली चित्रकला, पोटासाठी नाटकांची पोस्टर्स रंगवली. १९१४ च्या सुमारास लॉइस वेबर या दिग्दर्शिकेनं तिला हाताशी घेतलं, आणि मग पडेल ते काम: कॅमेऱ्यासमोर उभं राहा, फिल्म काप, सुचलं तर लिही. ती मूळची चित्रकार होती हे लक्षात ठेवा. माझा अनुभव असा की साहित्यातून आलेल्या लेखकाला आधी वाक्य सुचतं. चित्रकलेतून किंवा एडिटिंगमधून आलेल्याला आधी वस्तू दिसते.

मेरी पिकफर्डसाठी तिनं ‘द फाउंडलिंग’ लिहिला. अ‍ॅडॉल्फ झुकरच्या कंपनीकडून त्याचे १२५ डॉलर मिळाले. बाई लॉस एंजलिस सोडून न्यूयॉर्कला आल्या, आणि प्रिंट निघायच्या आतच लॅबला आग लागून निगेटिव्ह जळालं. चित्र पुन्हा शूट झालं ते नंतर. तोवर नाव नाही, काम नाही, खिशात फार काही नाही.

यापुढे तिनं जे केलं ते मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. ती वर्ल्ड फिल्म या कंपनीच्या विल्यम ब्रेडीकडे गेली आणि म्हणाली, दोन आठवडे फुकट काम करते. नवीन कथा लिहायच्या फंदात पडली नाही. गोदामात धूळ खात पडलेले, प्रदर्शित करायची लाज वाटावी असे चित्रपट तिनं काढून पाहिले. त्यांत खुद्द ब्रेडीच्या मुलीचा, अ‍ॅलिसचा, एक होता: रडका मेलोड्रामा, पण बघताना हसू फुटायचं. तिनं त्याला पुढे एक नवा तुकडा आणि मागे एक नवा तुकडा जोडला, की मधलं सगळं विनोदी म्हणूनच पाहायचं आहे असं वाटावं. मधल्या भागाला हात लावला नाही. चित्रपट ९,००० डॉलरना विकला गेला आणि हिला आठवड्याला २०० डॉलरचा करार मिळाला. थोड्याच दिवसांत ती तिथल्या लेखनविभागाची प्रमुख झाली.

या कामाला आमच्यात अजून चांगलंसं नाव नाही. सरसकट ‘रिपेअरिंग’ म्हणतात. नवख्या लेखकाला बहुधा याच दारानं आत घेतात. दुसऱ्यानं घाण केलेला एपिसोड रात्रीतून सरळ करून दिला की पुढच्या महिन्यात स्वतःचा ट्रॅक, म्हणजे मालिकेतला एखादा कथाभाग, मिळतो. मीही तशीच आत आले. एडिट झालेलं पाहून लिहिणं ही फार मोठी शाळा आहे, कारण तिथे कळतं की तुमच्या लाडक्या वाक्याचं काय होतं.

१९१७ मध्ये पिकफर्डची अधिकृत लेखिका म्हणून मॅरियनला वर्षाला ५०,००० डॉलरचा करार मिळाला. त्याला कारण ठरलेला चित्रपट ‘द पुअर लिटल रिच गर्ल’. श्रीमंत घरातली, आईबापांना जिच्यासाठी वेळ नाही अशी अकरा वर्षांची मुलगी. भूमिका करणारी पिकफर्ड चोविशीची. ती लहान दिसावी म्हणून सेटवरचं फर्निचर मोठ्या मापाचं केलं होतं. मॅरियन आणि पिकफर्डनं मिळून त्यात धिंगाण्याचे, चिखलफेकीचे सीन घुसडले. मॉरिस टूर्नर हा दिग्दर्शक मोठा कलासक्त. त्याला ते मुळीच रुचलं नाही. कंपनीच्या साहेबांनी खाजगी खेळ पाहिला आणि डोक्याला हात लावला. पुढे थिएटरात लोक हसले आणि रडलेही. खोलीत बसून चित्रपट पाहणाऱ्या चार माणसांच्या चेहऱ्यांवरून काही ठरवू नये हा धडा आमच्या क्षेत्रात दर दहा वर्षांनी नव्यानं शिकला जातो, आणि लगेच विसरलाही जातो.

मधली वर्षं भराभर सांगते. पहिल्या महायुद्धात वार्ताहर म्हणून युरोप. परत आल्यावर फ्रेड टॉमसनशी लग्न. दोन-तीन चित्रपटांचं दिग्दर्शन, आणि ते बाजूला ठेवून पुन्हा लेखन. टॉमसन पुढे काउबॉयच्या चित्रपटांचा मोठा स्टार झाला. त्याच्यासाठी ती फ्रँक एम. क्लिफ्टन असं पुरुषी नाव घेऊन लिहायची. गावभर जिचं नाव आहे तिनं नवऱ्याच्या घोडेस्वारीच्या चित्रपटांना टोपणनाव वापरावं, याचं मला नेहमी हसू येतं.

पण १९२५ च्या ‘स्टेला डॅलस’पाशी मला थांबायचं आहे. कथा ऑलिव्ह हिगिन्स प्राउटीच्या कादंबरीची. आई भडक कपड्यांची, आडदांड वागणुकीची, मनानं निर्मळ. मुलगी बापाच्या वळणाची, सुसंस्कृत. मुलीचा वाढदिवस. टेबल मांडलेलं आहे, पाहुण्यांच्या जागा तयार आहेत, मायलेकी नटूनथटून बसल्या आहेत. कुणीही येत नाही. आईच्या बदनामीमुळे कुणी आपली मुलं पाठवत नाही. आई-मुलगी एकमेकींना दिसू नये म्हणून जे काही चेहऱ्यावर आणतात, तेवढ्यावर सीन उभा आहे. आणि शेवट: मुलीचं लग्न मोठ्या घरात लागतंय, आई बाहेर पावसात उभी राहून खिडकीतून बघतेय, आणि पोलिस तिला पुढे सरका म्हणतो. काच मध्ये आहे. आतलं बोलणं आईला ऐकू येत नाही. प्रेक्षकालाही येत नाही. मूकपटाची जी मर्यादा, तीच त्या आईची अवस्था. हा सीन कादंबरीत किती, दिग्दर्शक हेन्री किंगचा किती आणि मॅरियनचा किती, असली वाटणी मी करत बसणार नाही. खिडकीसारखी एक वस्तू शेवटाला आणून ठेवायची, हा पटकथेचा निर्णय असतो, एवढं नक्की.

याच काळात पाट्या लिहिणं हा वेगळा धंदा झाला होता. पटकथा एकाची, पाट्या दुसऱ्याच्या. चित्र शूट होऊन, कापून झालं की पाटीवाला यायचा आणि चटकदार मजकूर भरायचा. फसलेला सीन पाटीनं वाचवता यायचा, प्रसंगी कथेचा अर्थसुद्धा फिरवता यायचा. आपल्याकडे तर एका पाटीवर दोन-दोन, चार-चार भाषा असत. अमेरिकेत १६ मे १९२९ ला पहिली ऑस्कर दिली गेली, त्यांत पाट्या लिहिण्याचं वेगळं बक्षीस होतं. ते जोसेफ फार्नमला मिळालं. पुढच्या वर्षी तो विभागच रद्द झाला. पहिलाही तोच आणि शेवटचाही तोच. बोलपटानं लेखनातल्या कुणाचं दुकान खरोखर बंद केलं असेल तर या पाटीवाल्यांचं.

मॅरियनचा शेवटच्या काळातला थोर मूकपट म्हणजे १९२८ चा ‘द विंड’. पूर्वेकडून टेक्ससच्या माळावर आलेली मुलगी (लिलियन गिश), आणि न थांबणारा वारा. म्हणजे ज्या गोष्टीला फक्त आवाज आणि स्पर्श आहे, तीच या बाईनं मूकपटात मुख्य पात्र म्हणून घेतली. तो दाखवायचा कसा? वाळूनं. जिकडेतिकडे वाळू, मुलगी ताटल्या घासते तीसुद्धा वाळूनंच. पुढे तिच्या हातून एक माणूस मरतो, ती त्याला बाहेर वाळूत पुरते, आणि मग खिडकीशी उभी राहून बघते, तर वारा ती वाळू उडवून नेतोय. मोहावीच्या वाळवंटात विमानांचे पंखे लावून हे चित्रण केलं. चित्र आलं तोवर लोक थिएटरांत बोलकी चित्रं पाहायला रांगा लावत होते. वर्षअखेरीस, नाताळच्या दिवशी, धनुर्वातानं टॉमसन गेला. दोन लहान मुलं. चाळिशीच्या बाईपुढे नवं तंत्र उभं, आणि कंपनी एमजीएम, हॉलिवूडमधला बडा स्टुडिओ.

सुरुवातीच्या बोलपटांत काय झालं ते तुम्ही वर्गात पाहिलंच आहे. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरायची म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही एका बंद पेटीत कोंडलं. नट माइकपासून हलेना. गती सेकंदाला २४ चौकटींवर कायमची बांधली गेली, म्हणजे हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांवर आलं. आणि स्टुडिओंनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरून नाटककार आगगाड्या भरभरून आणले, कारण ‘आता बोलायचं आहे, तर बोलणं लिहिणारे आणा’. आपल्याकडेही वेगळं झालं नाही. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, तो जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून बेतलेला. नाटकवाले आले, त्यांनी भरपूर बोलायला लावलं. वर्ष-दोन वर्षं लोकांना माणूस पडद्यावर बोलतोय याचंच अप्रूप होतं, त्यामुळे खपलं.

मग मॅरियन टिकली कशी? तिनं आवाजाकडे बोलणं म्हणून पाहिलंच नाही. आणखी एक दिसणारी वस्तू हाती आली, तशी ती वापरली.

१९३० च्या ‘अ‍ॅना ख्रिस्ती’चं उदाहरण घ्या. मूकपटांतली मोठी स्टार ग्रेटा गार्बो स्वीडिश. तिचे उच्चार कसे लागतील याची कंपनीला धास्ती. म्हणून स्वीडिश मुलीचीच भूमिका असलेलं युजीन ओनीलचं नाटक निवडलं, आणि ‘गार्बो बोलते’ अशी जाहिरात केली. चित्रपटात मात्र पहिली सोळाएक मिनिटं गार्बो नाही. तोवर पडदा सांभाळते ती गुत्त्यातली म्हातारी मार्थी. त्या भूमिकेत मारी ड्रेसलर होती: साठी ओलांडलेली, काही वर्षांपूर्वी काम मिळेनासं झालेली, आणि तिला पुन्हा पडद्यावर आणायला मॅरियननं जंग जंग पछाडलं होतं. मग दार उघडतं, गार्बो येते, दमलेली, बॅग ठेवते, खुर्चीत बसते आणि व्हिस्की मागते. पहिला शब्द यायच्या आत ही मुलगी कुठून आली असेल ते तिच्या चालण्यावरून कळलेलं असतं. उशिराचा प्रवेश मुळात ओनीलचा आहे, हे खरं. पण अख्खं गाव जिचा आवाज ऐकायला आलंय तिला तेवढा वेळ बाहेर ठेवायचं धाडस, आणि तो वेळ ड्रेसलरच्या भरवशावर काढायचं गणित, हे चित्रपटवाल्यांचं.

आणि ‘द बिग हाउस’. हाही १९३० चा. लिहिण्याआधी ती सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात जाऊन आली. तिथली माणसं पाहिली, भाषा ऐकली. यातला एक सीन सावकाश पाहू. जेवणाचं दालन, लांबच लांब टेबलं, शेकडो कैदी, टिनच्या भांड्यांचा खणखणाट. दादा कैद्याजवळ सुरी आहे आणि आता त्याच्यावर पहारेकऱ्यांची नजर पडणार. सुरी टेबलाखालून एका हातातून दुसऱ्या हातात, तिसऱ्या हातात सरकत जाते. वर भांड्यांचा गोंगाट, खाली मुकाट सरकणारं पातं. ती शेवटी नव्यानं आलेल्या पोराच्या हाती पडते; घाबरट पोर ती दुसऱ्याच्या कोटात लपवतं, आणि त्या दुसऱ्याची ठरलेली सुटका रद्द होते. बघा: टेबलाखालचा भाग म्हणजे अस्सल मूकपट. हात, सुरी, हात. टेबलावरचा भाग म्हणजे अस्सल बोलपट, पण त्यात कुणी महत्त्वाचं काही बोलत नाही. आवाज पडद्यासारखा वापरलाय, मागचं लपवायला. दुसरी जागा अंधारकोठडीची: समोर नुसता रिकामा बोळ आणि बंद दारं, कॅमेरा हलत नाही, आणि दारांमागून कैद्यांचे आवाज. वर्ष-दोन वर्षांपूर्वी मूकपट लिहिणारी बाई इथे माणसंच काढून टाकते आणि आवाज ठेवते.

या चित्रपटाला लेखनाचं ऑस्कर मिळालं. लेखनासाठी ते मिळवणारी ती पहिली स्त्री. ध्वनीचंही पहिलंवहिलं ऑस्कर याच चित्रपटाला. ही दोन बक्षिसं मी तरी वेगवेगळी मोजत नाही. श्रेयनामावलीत ‘अतिरिक्त संवाद’ म्हणून जी नावं आहेत त्यांत एक आहे: जोसेफ फार्नम. तोच पाट्यांवाला. बिचारा पुढच्याच वर्षी वारला. दुसरं ऑस्कर मॅरियनला ‘द चॅम्प’च्या (१९३१) कथेसाठी मिळालं: दारूडा मुष्टियोद्धा आणि त्याला सांभाळणारा त्याचा लहान मुलगा.

इथे माझी एक कबुली. काही वर्षांपूर्वी एका दैनंदिन मालिकेसाठी मी डब्याच्या सीनच्या जातीचा एक सीन लिहिला होता, वाक्य एकही नाही. वरून निरोप आला: आपला प्रेक्षक टीव्ही बघत नाही, ऐकतो, हात पोळपाटावर असतात. सासूच्या तोंडी चार वाक्यं घाला. मला राग आला, मी घातली. नंतर विचार केला तर त्यांचं अगदीच चूक नव्हतं. रेडिओसारखी ऐकली जाणारी मालिका हा वेगळा प्रकार आहे, तो तसा लिहायला हवा. पण चित्रपट लिहायला बसताना ती सवय दाराबाहेर काढून ठेवावी लागते, आणि ती निघत नाही. मला दोन ड्राफ्ट लागतात.

तर लेखकांची सद्दी संपली का? पाटीवाल्यांची संपली. फक्त ‘सिनॅरिओ’, म्हणजे मूकपटाच्या कथेचे आराखडे, विकून जगणाऱ्या किरकोळ लेखकांपैकी कित्येकांची संपली. मॅरियनसारख्यांची आवाजानं संपली नाही. उलट बोलपटाची पहिली पाच वर्षं हा तिचा सुवर्णकाळ. १९३३ चा ‘डिनर अ‍ॅट एट’ तिनं हर्मन मँकिविझबरोबर लिहिला, आणि त्यात बोलणं भरपूर आहे, चुरचुरीतही आहे. तिची पीछेहाट झाली ती कामाच्या वाटणीमुळे. तुमच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर हे आहे, बाकीचं सगळं त्याची तयारी.

मूकपटाच्या दिवसांत ती पिकफर्डच्या शेजारी बसून लिहायची, सेटवर असायची, नट निवडताना बोलायची, कापताना तिथे असायची. चित्रपट पुरा होईपर्यंत तो तिच्या नजरेसमोर असे. बोलपटाबरोबर स्टुडिओ कारखाने झाले: एकाची कल्पना, दुसऱ्याची रचना, तिसऱ्याचे संवाद, चौथा येऊन विनोद पेरणार. एकाच कथेवर एकाहून जास्त लेखक बसवायची सवय खुद्द आयर्विंग थालबर्गची, एमजीएममधल्या तिच्या साहेबाची. पण तिचं म्हणणं तो ऐकायचा, म्हणून तिला ते बाधलं नाही. मार्च १९३३ मध्ये मंदीचं कारण सांगून स्टुडिओंनी आठ आठवड्यांसाठी निम्मा पगार कापायचं ठरवलं. त्याच वर्षी पटकथालेखकांची संघटना उभी राहिली, आणि मॅरियन तिची पहिली उपाध्यक्ष झाली. तिला स्वतःला पैशांची ददात नव्हती. सप्टेंबर १९३६ मध्ये थालबर्ग वारला. त्यानंतर ती साऱ्या लेखकांसारखीच एक लेखक उरली. त्याच वर्षी आलेल्या ‘कमील’ या चित्रपटावर लेखक म्हणून तिच्यासह तीन नावं आहेत. १९४० नंतर पडद्यावर तिचं नाव क्वचित दिसतं. ती शिल्पं करू लागली, कादंबऱ्या लिहू लागली, आणि १९७३ मध्ये गेली.

हे वाचून हॉलिवूडचं हॉलिवूडला, असं वाटेल. म्हणून एक घरचं नाव सांगते. नारायण हरी आपटे, जन्म १८८९, म्हणजे मॅरियनहून एका वर्षानं धाकटे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला, तो त्यांच्या कथेवर. मूकपट. मग ‘प्रभात’च्या बोलपटाच्या काळात १९३४ चा ‘अमृतमंथन’ त्यांच्या ‘भाग्यश्री’वरून, आणि १९३७ चा ‘कुंकू’ त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून. मूकपटाच्या आणि बोलपटाच्या दोन्ही बाजूंना पाय रोवलेला हा आपला माणूस. त्यांचा मार्ग मात्र मॅरियनच्या उलटा: ते मुळात कादंबरीकार. पाय कोरेगावात घट्ट, आणि पडदा त्यांच्याकडे चालत आला. स्टुडिओच्या पगारावर न जगणारा लेखक स्टुडिओ बदलला तरी कादंबरी लिहितच राहतो. ‘कुंकू’ मुद्दाम पाहा, कान उघडे ठेवून. त्यात पार्श्वसंगीत असं नाही. सीनमध्ये जे वाजतं तेवढंच ऐकू येतं. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं घड्याळ तिथे कसं वापरलंय ते मला लिहून कळवा.

आणि तुमचा डब्याचा सीन माझ्याकडे अजून आलेला नाही. सोमवारपर्यंत पाठवा. आता अट थोडी बदलते: आईला एक वाक्य बोलायची मुभा आहे, पण त्यात डबा, नोकरी आणि पैसे हे तीन शब्द नकोत.